लोणारचे पाणी आणि विद्युत् अग्रांवरील पापुद्रा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे येणारा यात्रेकरू प्रथम धारेच्या गोड्या पाण्यात स्नान करतो आणि मग विवराची उतरण उतरून सरोवराच्या काठी येतो. या थोड्याशा अंतरात पाण्याचे रूप पार पालटते. वर गोमुखातून पडणारे पाणी पिण्याजोगे गोडे, तर खाली विवराच्या तळाशी साचलेले पाणी खारट, बुळबुळीत आणि सोड्याच्या वासाचे. कठीण काळ्या पाषाणात उल्कापाताने कोरलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पाणी येते ते झऱ्यांनी व पावसाने; बाहेर जाण्यास मात्र त्याला वाट नाही. सूर्य पाणी नेतो, क्षार मागे राहतात. सोडियम कार्बोनेट, सोडियम बायकार्बोनेट व साधे मीठ यांचा हा संचय इतका मोठा की, येथील क्षारांचा पूर्वी व्यापार चालत असे, आणि ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथातही काच व साबण यांसाठी लागणाऱ्या येथील द्रव्यांचा उल्लेख आला आहे.

लोणारचे विवर १९७९ साली राष्ट्रीय भू-वारसा स्थळ म्हणून घोषित झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. अशा स्थळाचे रक्षण करावयाचे म्हणजे त्याच्या पाण्याची प्रकृती सतत पाहत राहिले पाहिजे. त्यासाठी सर्वांत सोपे व झटपट मोजमाप म्हणजे पाण्याच्या विद्युत् संवाहकतेचे. यंत्राचा घट पाण्यात बुडविला की क्षणात आकडा मिळतो. परंतु हा आकडा पाण्याचा आहे की घटातील पत्र्यांवर बसलेल्या पापुद्र्याचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. सरोवराच्या अभ्यासकाला तो जितका महत्त्वाचा, तितकाच गावाच्या विहिरीचे पाणी तपासणाऱ्या पंचायत सदस्यालाही महत्त्वाचा आहे.

पाण्यातून वीज कशी वाहते?

शुद्ध पाणी विजेचे अत्यंत मंद वाहक आहे. त्यात क्षार विरघळला की त्याचे धन व ऋण भार असलेले कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि तेच विजेची वाहतूक करतात. अशा द्रावणात दोन विद्युत् अग्रे, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण इलेक्ट्रोड म्हणतो ते पत्रे किंवा कांड्या, ठेवल्या की विद्युत् अपघटनी घट तयार होतो. क्षार जितके अधिक, तितका घटाचा रोध कमी आणि संवाहकता अधिक.

घटाचा रोध केवळ पाण्यावर अवलंबून नसतो, तर पत्र्यांचे क्षेत्रफळ व त्यांमधील अंतर यांवरही अवलंबून असतो. अंतराला क्षेत्रफळाने भागले असता येणाऱ्या संख्येस घटाचा स्थिरांक म्हणतात. समजा, दोन पत्रे प्रत्येकी १ चौरस सेंटिमीटरचे आणि एकमेकांपासून १ सेंटिमीटर अंतरावर आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी पाण्याची संवाहकता १० मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली, तर पत्र्यांमधील पाण्याचा रोध १०० ओहम येतो. यंत्र हा रोध मोजते आणि त्यावरून संवाहकतेचा आकडा दाखवते. येथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण उद्भवते ती पत्रा व पाणी यांच्या सीमेवर.

रोध आणि संरोध

तारेत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने, पाण्यात वाहते ती आयनांच्या रूपाने. पत्र्याच्या पृष्ठभागावर या दोन राज्यांची सीमा लागते. पत्र्यावर एका प्रकारचा विद्युत् भार साठला की, पाण्यातील विरुद्ध भाराचे आयन त्याच्यासमोर दाटी करून उभे राहतात. भारांच्या या समोरासमोरच्या दोन रांगांना ‘दुहेरी स्तर’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात ही कल्पना मांडली. हा स्तर म्हणजे वस्तुतः एक धारित्र, अर्थात कंडेन्सर होय.

एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडला, तर हे धारित्र भरते, पृष्ठभागावर रासायनिक क्रिया सुरू होतात, वायूचे बुडबुडे सुटतात आणि मोजमाप बिघडते. म्हणून कोलराउश या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणी दिशा बदलणारा प्रवाह वापरण्याची पद्धत रूढ केली. अशा प्रवाहाला घटाकडून होणारा एकूण अडथळा केवळ रोध नसतो. त्यात धारित्राचा अडथळाही मिसळतो. या एकूण अडथळ्यास संरोध म्हणतात. इंग्रजीतील त्याची संज्ञा १८८६ साली हेविसाइड यांनी रूढ केली.

धारित्राचा अडथळा प्रवाहाच्या कंप्रतेवर अवलंबून असतो. प्रवाह सेकंदात जितक्या अधिक वेळा दिशा बदलेल, तितका हा अडथळा कमी. गुळगुळीत, स्वच्छ धातूच्या पत्र्यावर दुहेरी स्तराची धारिता दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः २० मायक्रोफॅरड धरली, तर आपल्या घटातील दोन पत्र्यांची मिळून ती १० मायक्रोफॅरड होते. घरगुती विजेच्या ५० हर्ट्‌झ कंप्रतेला तिचा अडथळा सुमारे ३१८ ओहम येतो; म्हणजे पाण्याच्या १०० ओहम रोधाच्या तिपटीहून अधिक! १,००० हर्ट्‌झला तो सुमारे १६ ओहमांवर उतरतो.

हे दोन अडथळे साध्या बेरजेने मिळत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. १०० आणि १६ यांचा असा मिलाफ केला की १०१ ओहमांच्या आसपास संरोध येतो. याचा अर्थ, १,००० हर्ट्‌झवर चालणारे यंत्र आणि स्वच्छ पत्रे असतील, तर चूक शेकडा एक-सव्वाच्या घरात राहते.

उपकारक थर आणि अपकारक थर

पत्र्यावर बसलेला प्रत्येक थर घातकच असतो असे नाही. कोलराउश यांनी प्लॅटिनमच्या पत्र्यांवर प्लॅटिनमचाच अतिसूक्ष्म, काळा, मखमलीसारखा थर चढविला. हा थर स्वतः उत्तम वाहक असून त्याच्या असंख्य उंचवट्यांमुळे व खळग्यांमुळे पाण्याला भिडणारे क्षेत्रफळ शेकडो पटींनी वाढते. क्षेत्रफळ वाढले की धारिता वाढते, आणि धारिता वाढली की सीमेवरील अडथळा नगण्य होतो. प्रयोगशाळेतील चांगल्या घटाचे पत्रे काळे दिसतात ते याच कारणाने. ती घाण समजून घासून काढणे म्हणजे यंत्राचे प्राण काढून घेण्यासारखे आहे.

याच्या उलट चुनखडीचा पापुद्रा, गाळ, तेलाचा तवंग, शेवाळाची बुळी हे सारे मंद वाहक किंवा अवाहक होत. त्यांचा परिणाम दुहेरी असतो. एक म्हणजे, पापुद्र्याच्या सूक्ष्म छिद्रांतून आयनांना वाट काढावी लागते, म्हणून रोध वाढतो. दुसरे म्हणजे, पत्र्याचा बराचसा भाग झाकला गेल्याने पाण्याला भिडणारे क्षेत्रफळ घटते, धारिता कमी होते आणि सीमेवरील अडथळा वाढतो.

लोणारला पापुद्रा कसा बसतो?

लोणारच्या पाण्याचा सामू साधारणतः ९.५ ते १०.५ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात कार्बोनेट विपुल आहे. कॅल्शियम मात्र त्यात विरघळून राहू शकत नाही. कार्बोनेटाशी संयोग होताच त्याची चुनखडी होऊन ते खाली बसते. उलट विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात खडकांतून विरघळून आलेले कॅल्शियम असते. ही दोन पाणी एकत्र आली की चुनखडीचा बारीक साका तयार होतो.

आता मोजमाप करणाऱ्याची नेहमीची रीत पाहा. तो घट सरोवरात बुडवितो, आकडा टिपतो, घट बाहेर काढतो आणि तो स्वच्छ व्हावा म्हणून जवळच्या नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने धुतो. पत्र्यावर सरोवराच्या पाण्याचा ओलावा असतो, धुण्याच्या पाण्यात कॅल्शियम असते. दोहोंची गाठ नेमकी पत्र्यावर पडते आणि तेथेच चुनखडीची पातळ साय धरते. एका वेळची साय डोळ्यांना दिसतही नाही. पण हीच रीत महिनोन्‌महिने चालली की तिचा पापुद्रा होतो. धुण्याच्या सद्हेतूनेच पत्रा मलिन होतो, ही लोणारसारख्या ठिकाणची खरी गोम आहे.

यात सरोवरातील जैविक द्रव्याची भर पडते. येथील पाणी सूक्ष्म नीलहरित शैवालांनी दाट हिरवे दिसते. घट पाण्यातच ठेवून दिला तर पत्र्यांवर त्यांची बुळी जमते आणि तिच्यात गाळ अडकतो.

न धुता वाळू दिलेल्या पत्र्यावर सोड्याचे पांढरे स्फटिक दिसतात. ते पाण्यात विरघळणारे असल्याने त्यांची चूक वेगळ्या जातीची असते. असा घट थोड्याशा गोड्या पाण्यात बुडविला तर स्फटिक त्यात विरघळतात आणि पाणी आहे त्याहून खारे दाखवितात. न विरघळणारा पापुद्रा मात्र पाणी आहे त्याहून गोडे दाखवितो. आपला यापुढील विचार या दुसऱ्या चुकीचा आहे.

चूक किती मोठी?

आपल्या घटाच्या प्रत्येक पत्र्यावर ०.१ मिलिमीटर जाडीचा सच्छिद्र पापुद्रा बसला आहे असे समजू. त्याची वाहकता भोवतालच्या पाण्याच्या विसाव्या हिश्शाइतकी, आणि पत्र्याचा पाण्याला भिडणारा भाग केवळ एक दशांश उरला आहे असे धरू.

सरोवराच्या पाण्यात अशा प्रत्येक पापुद्र्याचा रोध २० ओहम, म्हणजे दोहोंचा मिळून ४० ओहम होईल. एकूण रोध १०० वरून १४० ओहमांवर जाईल. धारिता एक दशांश झाल्याने सीमेवरील अडथळा १,००० हर्ट्‌झला १६ वरून सुमारे १६० ओहम होईल. दोहोंचा मिलाफ सुमारे २१३ ओहम येतो. यंत्र १० मिलिसीमेन्सच्या ऐवजी ४.७ दाखवील. पाणी तेच, आकडा निम्म्याहूनही कमी!

हाच घट ०.५ मिलिसीमेन्स संवाहकतेच्या गोड्या पाण्यात बुडविला तर? पाण्याचा रोध २,००० ओहम. पापुद्र्याच्या छिद्रांतही आता तेच गोडे पाणी असल्याने त्याचा रोध त्याच प्रमाणात वाढून ८०० ओहम होईल. एकूण २,८०० ओहम. त्यापुढे सीमेवरचे १६० ओहम जवळजवळ लोप पावतात. यंत्र ०.३६ दाखवील, म्हणजे चूक शेकडा २९ च्या सुमारास.

या दोन हिशेबांतून एक व्यावहारिक बोध मिळतो. पापुद्र्याचा रोध गोड्या व खाऱ्या पाण्यात सारख्याच प्रमाणात चूक घडवितो, जणू घटाचा स्थिरांकच बदलला आहे. सीमेवरील अडथळ्याची चूक मात्र खाऱ्या पाण्यातच डोके वर काढते. म्हणून यंत्राची पारख केवळ सौम्य प्रमाण द्रावणात करून ते सरोवरात नेणे पुरेसे नाही. ज्या पल्ल्याचे पाणी मोजावयाचे, त्याच पल्ल्याच्या द्रावणात पारख झाली पाहिजे. पोटॅशियम क्लोराइडचे ०.०१ मोलर द्रावण २५ अंश सेल्सिअसला १.४१३ आणि ०.१ मोलर द्रावण १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर दाखविते. सरोवरासाठी यांपैकी दुसरे द्रावण हाताशी असावे.

सरोवराचा निवाडा आणि गावाचे पाणी

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. पाणी आटून क्षारता वाढली, तेव्हा त्यांची वाढ झाली. पावसाने पाणी सौम्य झाले, तसा रंग ओसरला. अशा प्रसंगी क्षारतेची चढउतार हीच निदानाची नाडी असते. पापुद्रा धरलेल्या घटाने चढती क्षारता झाकून टाकली असती. आणि उलट, गोडे किंवा सांडपाणी सरोवरात मिसळून ते खरोखर सौम्य होत आहे काय, हे पाहावयाचे असेल, तर तोच घट नसलेली सौम्यता दाखवून खोटी घंटा वाजवील.

गावाच्या दृष्टीने ही गोष्ट आणखी गंभीर आहे. पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार दाखविणारे खिशातले छोटे यंत्र वस्तुतः संवाहकताच मोजते आणि तिला ठराविक गुणकाने गुणून आकडा दाखविते. भारतीय मानक १०५०० : २०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात हे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. एखाद्या कूपनलिकेच्या पाण्यात ते २,४०० असतील आणि यंत्राच्या टोकांवर वरील हिशेबातला पापुद्रा असेल, तर यंत्र २,००० पेक्षा कमी दाखवील. अपात्र पाणी पात्र ठरेल. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला झुकते, हे विसरता कामा नये.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच जंतुनाशक द्रव तयार करणारी यंत्रे काही ठिकाणी वापरली जातात. त्यांतील ऋणाग्राजवळ वीज वाहताना हायड्रॉक्साइड आयन निर्माण होतात आणि तेथील पाणी अल्कधर्मी बनते. जणू प्रत्येक ऋणाग्रापाशी एक चिमुकले लोणारच तयार होते. जड पाणी वापरल्यास तेथे चुना व मॅग्नेशियम यांचा थर धरतो, घटाचा अडथळा वाढतो, तेवढ्याच प्रवाहासाठी अधिक व्होल्ट लागतात आणि विजेचा अपव्यय होतो. जडपणा काढलेले पाणी वापरणे व ठराविक काळाने थर काढणे, हाच त्यावर उपाय होय.

शाळेत करता येणारा प्रयोग

पेलाभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. त्यात स्टीलचे दोन स्वच्छ चमचे एकमेकांस न लागतील असे उभे करावेत. ६ व्होल्टच्या छोट्या रोहित्रातून प्रत्यावर्ती प्रवाह घेऊन तो ६ व्होल्टच्या छोट्या दिव्यामार्फत या चमच्यांतून न्यावा आणि चमच्यांमधील व्होल्ट मोजावेत. नंतर रोहित्र बंद करून चमचे सोड्याच्या पाण्यातून काढावेत, ओलेच चुन्याच्या निवळीत बुडवावेत आणि वाळू द्यावेत. असे दहा-पंधरा वेळा केले की त्यांवर पांढुरकी साय दिसू लागेल. पुन्हा मंडल जोडून व्होल्ट मोजावेत. थर जितका जाड, तितके चमच्यांमधील व्होल्ट वाढतील आणि दिवा मंदावेल. शेवटी चमचे व्हिनेगारमध्ये ठेवावेत. बारीक बुडबुडे येऊन साय निघून जाईल आणि पूर्वीचा आकडा परत येऊ लागेल. भिंतीवरील विजेची जोडणी या प्रयोगात कधीही थेट वापरू नये, आणि शिक्षकांनी समोर उभे राहूनच तो करून घ्यावा.

घ्यावयाची दक्षता

१. सरोवरातून काढलेला घट प्रथम ऊर्ध्वपातित पाण्यानेच धुवावा. नळाच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याने नव्हे.

२. चुनखडीचा थर सौम्य आम्लाने, तेलकट थर व बुळी सौम्य साबणाच्या द्रावणाने काढावी. त्यानंतर घट पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. पत्रे खरवडू नयेत, प्लॅटिनमचा काळा थर तर मुळीच नाही.

३. मोजमापापूर्वी आणि मोजमापानंतरही प्रमाण द्रावणातील आकडा नोंदवावा. दोहोंत तफावत पडली तर मधल्या नोंदींवर विसंबू नये.

४. पाण्याचे तापमान अवश्य लिहावे. एका अंशाने तापमान वाढले तर संवाहकता शेकडा २ च्या सुमारास वाढते.

५. यंत्रात कंप्रता बदलण्याची सोय असेल तर दोन कंप्रतांना मोजून पाहावे. दोन्ही आकडे जुळले तर सीमेवरील अडथळा नगण्य आहे असे समजावे. न जुळले तर पत्रे तपासावेत. आकडे जुळले तरीही प्रमाण द्रावणातील पारख सोडू नये, कारण सच्छिद्र थराचा रोध कंप्रतेने उघडा पडत नाही.

६. सतत मोजमापासाठी चार अग्रांचा घट अधिक योग्य. त्यात प्रवाह नेणारी अग्रे व व्होल्ट मोजणारी अग्रे वेगळी असल्याने सीमेवरील अडथळ्याची बाधा टळते. त्यालाही स्वच्छता मात्र चुकत नाही.

७. नोंदवहीत पाण्याच्या आकड्याशेजारी घट केव्हा व कशाने स्वच्छ केला, याचा रकाना असावा.

हा शेवटचा रकाना क्षुल्लक वाटेल. पण नोंदींचे मोल त्यावरच ठरते. लोणारचे पाणी दरवर्षी आटते व भरते. त्याची संवाहकता बदलणे हा निसर्गक्रमच आहे. त्यातील कोणता बदल सरोवराचा आणि कोणता पत्र्याचा, हे पुढच्या पिढीतील अभ्यासकाला कळावयाचे असेल, तर आजच्या नोंद करणाऱ्याने आपल्या यंत्राचीही साक्ष लिहून ठेवली पाहिजे. गावच्या विहिरीवर उभ्या असलेल्या पंचायत सदस्यालाही हेच लागू पडते. पाणी चांगले आहे असे म्हणण्यापूर्वी, ते मोजणारे टोक स्वच्छ आहे ना, एवढे त्याने पाहावे.